इंटरनेटचा नियम

विश्वजीतचं ऑफिस संभाजीनगरच्या गुलमंडीत, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली तयार शर्टांचे गठ्ठे उतरत असायचे आणि वर विश्वजीत समोरच्या माणसाला सांगत असायचा, "आपल्याकडं रेडीमेड काम नाही. तुमची वेबसाइट म्हणजे फक्त तुमची. एकेक वीट मी स्वतः रचतो." हे वाक्य त्याला इतकं पाठ झालं होतं की चहाची ऑर्डर देता देता तो ते म्हणायचा. समोरचा माणूस सुखावायचा. आपल्यासाठी कुणीतरी घाम गाळतंय हे कुणाला आवडत नाही?

खरी गोष्ट अशी की भिंत रचूनच यायची. ज्याला थीम म्हणतात, ती म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. वर मोठं चित्र कुठं, मजकूर कुठं, माणसांचे फोटो कुठं, सगळं आधीच ठरलेलं. नाव बदला, रंग बदला, फोटो टाका, झाली वेबसाइट. यात पाप काही नाही. अर्धं जग असंच चालतं आणि बरेच जण तसं उघड सांगतातही. तयार शर्ट विकणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही. पण शर्टाचं लेबल उसवून "हा मी तुमच्या मापानं शिवला" असं जो म्हणतो, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. विश्वजीतनं ते ठरवायचं काम कित्येक वर्षं पुढं ढकललं होतं.

त्याच ऑफिसात दुसऱ्या टेबलावर याह्या बसायचा. लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या हे त्याचं काम. तो गिऱ्हाइकासमोर सरळ नमुन्यांचा गठ्ठा टाकायचा, "इसमें से पसंद करो, नाम मैं डाल देता." त्याचा धंदा काही बुडाला नव्हता. यावरून विश्वजीतला काही शिकता आलं असतं. पण माणूस शेजाऱ्याकडं साखर मागतो, अक्कल मागत नाही.

संक्रांतीनंतर एके दिवशी पिशोर गावाहून तीन बायका जिना चढून वर आल्या. पुढं मनकर्णाबाई, बचत गटाच्या अध्यक्ष, पायरीगणिक गुडघ्यावर हात ठेवत. मागं त्यांची भाचेसून अपेक्षा, हातात मोबाइल. आणि सगळ्यांत शेवटी गोजरबाई, वय सत्तरीच्या पुढं, हातात पिशवी. गटात एकूण सात जणी. पापड, कुरडया, मसाला असं सगळं करायच्या, पण नाव झालं ते आलेपाकानं, आणि आलेपाक गोजरबाईंच्या हातचा. पुण्याच्या प्रदर्शनात दुकानदार विचारायचे, तुमची वेबसाइट कुठंय? म्हणून त्या आल्या होत्या.

विश्वजीतनं नेहमीचं वाक्य म्हटलं. मनकर्णाबाईंनी ते नीट ऐकून घेतलं.

"हे बघ बाबा," त्या म्हणाल्या, "आमच्या गटात कुणी थोरली नाय, कुणी धाकली नाय. फोटो समद्यांचे पायजेत. अन् एका मापाचे."

अपेक्षानं मोबाइलवर फोटो दाखवले. तालुक्याच्या गावी, कन्नडच्या स्टुडिओत जाऊन काढलेले. सातही फोटोंत साडी एकच होती, मोरपंखी, जरीच्या काठाची. अपेक्षाची लग्नातली साडी, एकीनं सोडायची नि दुसरीनं नेसायची असं करत साऱ्याजणींनी ती नेसली होती. गटातल्या मुनिरानंही तीच, फक्त पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. गोजरबाईंच्या अंगावर ती थोडी मोठीच झाली होती, पण चेहरा असा फुलला होता की साडीकडं लक्ष जाऊ नये.

"आधारकार्डावरला माझा फोटो बघशील तर भिशील," गोजरबाई म्हणाल्या. "मीच मला वळखत नाय. हा मातर चांगला निघलाय." मग पिशवीतून आलेपाकाची पुडी काढून त्यांनी त्याच्यासमोर ठेवली. "माझी आशा गंगापूरला दिलीय. तिची सासू तिला उठता बसता म्हणती, तुझी माय लोकांच्या चुली फुंकती. आशा म्हणली, माय, तुझा फोटो येऊ दे इंटरनेटवर, मंग मी दावते तिला माझी माय कोण हाय ते."

"निर्धास्त राहा मावशी," विश्वजीत म्हणाला. "तुमचा फोटो दिसणार म्हणजे दिसणार."

त्या क्षणी तो खोटं बोलत नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

त्यानं एक हिरवी थीम निवडली. गेल्याच वर्षी एका शाळेला हीच निळ्या रंगात दिली होती. "आमची माणसं" म्हणून त्यात जागा होती आणि त्या जागेत चार गोल होते. चार फोटो टाकले की चार गोलांत छान बसायचे. पाचवा टाकला की तो खाली घसरून एका कोपऱ्यात एकटाच पडायचा. सहावा टाकला की सगळी ओळ वाकडी व्हायची. सातवा टाकला तेव्हा मुनिराचा फोटो "मागणी नोंदवा" या बटणावर जाऊन बसला आणि बटण चालेनासं झालं. विश्वजीतनं दुपारभर खटपट केली. थीमच्या आत शिरून दुरुस्ती कशी करायची हे त्याला येत नव्हतं. ते कधी शिकायची गरजच पडली नव्हती, कारण आजवरच्या गिऱ्हाइकांना त्यानं गोड बोलून थीमच्या मापात बसवलं होतं.

"सीधा बोल दे ना भाई," याह्या म्हणाला, "तैयार थीम है करके. नहीं तो जिसे आता, उसे पूछ ले. इसमें क्या शरम?"

शरम इथंच तर होती. एकेक वीट स्वतः रचणाऱ्या गवंड्याला पाचवी खिडकी बसवता येईना, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि ज्याला येतं त्याला विचारायचं, तर आपल्याला येत नाही हे आधी कबूल करायला हवं. गुलमंडीत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही.

त्यानं पिशोरला फोन लावला.

"मावशी, एक अडचण आली. इंटरनेटचा नियम आहे. चारच फोटो चालतात."

मनकर्णाबाईंनी विचारलं, "सरकारचा नियम हाय का?"

"सरकारचा नाही. इंटरनेटचाच."

"असंल बाबा," त्या म्हणाल्या. "रेशनला नियम, बँकेला नियम, मंग इथं कामून नसंल?"

नियम म्हटलं की या बायका भांडत नाहीत, मुकाट्यानं रांगेत उभ्या राहतात, हे विश्वजीतला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच त्यानं तो शब्द काढला होता. फोन ठेवताना त्याला स्वतःची किळस आली. पण किळस आली तरी जेवण जातं, झोप लागते. त्यालाही लागली.

आठवड्यानं अपेक्षाचा निरोप आला, तिच्याच आवाजात रेकॉर्ड केलेला. "दादा, आमी भिशीसारख्या चिठ्ठ्या टाकल्या. डब्यात सात नावं, चार काढली. आत्याची निघाली, गोजरआजीची नाय निघाली. आत्या म्हणती, माझ्या जागी आजीला घ्या. आजी म्हणती, अध्यक्षाबिगर गट म्हंजी काय, लोक हसतील. दोघी लई भांडल्या. शेवटाला मुनिराभाभी म्हणल्या, दोघींला एकाच गोलात बसवा ना. दादा, नियमात बसंल का? गोल एकच हाय, बाया दोन हायेत. फोटो धाडलाय."

फोटोत दोघी गालाला गाल लावून उभ्या होत्या. यावेळी साडी मनकर्णाबाईंच्या अंगावर होती आणि तिचा पदर गोजरबाईंच्या खांद्यावरून पुढं घेतला होता, म्हणजे दोघींनी ती नेसल्यासारखी दिसावी. गोजरबाईंनी कानांत कुड्या घातल्या होत्या.

विश्वजीतनं तो फोटो बराच वेळ बघितला. याह्यानंही मागून बघितला आणि आपल्या टेबलाशी जाऊन नमुन्यांचा गठ्ठा चाळायला लागला. ते त्याचं पाठ फिरवणं विश्वजीतला शिवीपेक्षा झोंबलं. तेव्हाही वेळ गेली नव्हती. एक फोन आणि दोन वाक्यं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत त्यानं फोटो गोलात टाकला. त्याच्या कॉम्प्युटरच्या रुंद पडद्यावर दोघी मावल्या, गोजरबाई थोड्या काठाला आल्या, पण दिसत होत्या. त्याला इतकं हायसं वाटलं की मोबाइलवर काय दिसतं ते बघायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. ही वेबसाइट सगळा गाव मोबाइलवरच बघणार होता.

पिशोरच्या लोकांनी वेबसाइटचं उद्घाटन ठरवलं. दुकानाचं होतं, बोअरवेलचं होतं, मग वेबसाइटचं का नको? ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये टेबलावर पांढरा कपडा, त्यावर विश्वजीतचा लॅपटॉप, लॅपटॉपला झेंडूचा हार आणि झाकणाला हळदकुंकू. नारळ मात्र बाहेर उंबऱ्यावर फोडला, आत पाणी उडायला नको म्हणून. पहिल्या रांगेत सातही जणी. मोरपंखी साडी आज अपेक्षाच्या अंगावर होती, बाकीच्यांनी आपापल्या नेसल्या होत्या. गोजरबाईंच्या शेजारी गंगापूरहून आलेली आशाबाई, मोबाइल मुठीत धरून.

आणि प्रमुख पाहुणे म्हणून जे गाडीतून उतरले, त्यांना बघून विश्वजीत लॅपटॉपच्या मागं सरकला. बद्रीनाथ सर. गेल्या वर्षीची निळी शाळा यांचीच.

"अरे वा, विश्वजीतराव!" सर म्हणाले. "म्हणजे हेही तुमचंच?"

सरांनी भाषण केलं, बटण दाबलं, पडद्यावर हिरवी वेबसाइट उघडली आणि टाळ्या पडल्या. लगेच सगळ्यांनी खिशांतून, पिशव्यांतून मोबाइल काढले. अपेक्षानं पत्ता सगळ्यांना पाठवून ठेवलाच होता. जरा वेळ हॉलमध्ये नुसती माना घातलेली डोकी दिसत होती.

"माय," आशाबाई म्हणाली, "तू कुठंय?"

गोजरबाईंनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मोबाइलवर गोल लहान झाला होता आणि थीमनं फोटो दोन्ही बाजूंनी कापून मधला तेवढा ठेवला होता. मधे होत्या मनकर्णाबाई. त्यांच्या गालाला चिकटून एक कान.

"ही काय," गोजरबाई म्हणाल्या. "ही कुडी माझीच हाय. हा कान माझा."

आशाबाई मोबाइलकडं बघत राहिली. "सासूला कान दावू का, माय?"

ती हे रागानं म्हणाली नव्हती, खरंच विचारत होती. विश्वजीत टेबलाशी उभा होता आणि त्याला प्रत्येक शब्द ऐकू आला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. त्याला वाटलं, ही ग्रामपंचायतीची फरशी, आपल्यासाठी ती कुठली दुभंगतेय.

मागून कुणीतरी पुरुष बोललाच, "बाया सात अन् फोटो चारच कामून? पोरानं कामचुकारपणा केला म्हणायचा."

कुजबुज सुरू झाली. विश्वजीतला वाटलं, आता संपलं. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

पण बद्रीनाथ सर उठले. भला माणूस, भल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "अहो, उगाच त्यांना बोल लावू नका. माझ्या शाळेच्या वेबसाइटवर पण चारच शिक्षकांचे फोटो आहेत. हे बघा." त्यांनी आपला मोबाइल उंच धरला, मग पहिल्या रांगेत फिरवला. तेच गोल, तेवढेच. तेच मोठं चित्र, तशीच अक्षरं, फक्त हिरव्याच्या जागी निळा रंग. "बघा किती सारख्या दिसतात दोन्ही! म्हणजे नियमच तसा असणार. शाळा असो, बचत गट असो."

बायकांनी दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी धरून बघितले. "व्हय की," मुनिरा म्हणाली. "एकदम सारखंच हाय." मागच्या पुरुषानंही मान डोलावली. जे बघून विश्वजीतची चोरी उघडी पडायला हवी होती, तेच त्याच्या बाजूनं साक्ष देऊन गेलं.

मनकर्णाबाई उठून त्याच्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "बाबा, राग मानू नको. आमच्यातबी एकदोघी म्हणत होत्या का पोरगं आळस करतंय. म्याबी जराक मनात आणलं व्हतं. चुकलं माझं."

आणि वयानं थोर म्हणून विश्वजीतचा सत्कार करायचा मान गोजरबाईंना दिला. त्यांनी शालीची घडी मोडली. विश्वजीत उंच, त्या ठेंगण्या, म्हणून त्याला वाकावं लागलं. त्यांनी शाल त्याच्या खांद्यांवर नीट दोन्ही बाजूंनी सारखी केली, हातात नारळ दिला, आणि म्हणाल्या, "लई कष्ट घेतले आमच्यासाठी."

"मावशी, नियम नाही," विश्वजीत म्हणाला.

त्यांना ऐकू गेलं नाही. "आं?"

"असा नियम नाही कुठला." आवाज आता इतका मोठा निघाला की त्यालाच दचकायला झालं. "इंटरनेटवर किती पण फोटो बसतात. ही वेबसाइट मी बनवलेली नाही. तयार मिळते. तिच्यात चार जागा होत्या. पाचवी करायला मला येत नव्हतं. येत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून नियम सांगितला."

बद्रीनाथ सरांनी आपल्या मोबाइलकडं बघितलं, पुन्हा लॅपटॉपकडं बघितलं आणि मोबाइल खिशात घातला.

"म्हंजी चिठ्ठ्या..." अपेक्षा म्हणाली आणि थांबली.

मुनिरानं तोंड फिरवलं. मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला. आत्ताच त्यांनी या पोराची माफी मागितली होती, आणि आता ते शब्द परत घ्यायचे कसे ते त्यांना कळत नव्हतं. विश्वजीत कुणाच्याच डोळ्याला डोळा देईना. आता कुणीतरी ओरडावं, मारावं, असं त्याला वाटत होतं. तेवढंही कुणी केलं नाही.

गोजरबाई मात्र त्याच्याकडंच बघत होत्या. एखादी गोष्ट नीट समजून घ्यावी तशा.

"म्हंजी माझा फोटो बसत व्हता?"

"बसत होता, मावशी."

"पुरा?"

"पूर्ण."

त्यांनी मान हलवली. "मला वाटलं इंटरनेटनं काढलं मला. म्या मनाला समजावलं, त्याची माझी काय वळख, त्याला काय ठावं." मग म्हणाल्या, "तू काढलं व्हय."

एवढंच. त्यात चीड नव्हती, रडं नव्हतं. विश्वजीतच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचीही त्याला लाज वाटली, कारण रडायचा हक्क या हॉलमध्ये दुसऱ्या कुणाचा तरी होता. त्यानं घाईघाईनं शाल खांद्यावरून काढली, घडी करायला लागला.

"राहू दे ती," मनकर्णाबाई म्हणाल्या. "दिलेलं परत घेत नाय आमी. घेऊन जा."

"मावशी, मी कसा..."

"घेऊन जा म्हणलं ना. अन् सातीजणींला बसव तिथं. तुला येत नसंल तर येणाऱ्याला इचार. पर आमाला नियम सांगू नको पुन्यांदा." त्यांनी गोजरबाईंच्या दंडाला धरलं. "चल गोजर, आशाची गाडी निघंल."

तो बाहेर पडला. स्टँडपर्यंत सगळा बाजार ओलांडून जायचं होतं आणि त्या दिवशी आठवडी बाजार होता. लॅपटॉपची बॅग एका खांद्याला, शाल हातावर, नारळ दुसऱ्या हातात. नारळ बॅगेत मावेना आणि टाकून द्यायची हिंमत होईना. शालनारळ घेतलेला माणूस दिसला की गावाकडं लोक आपसूक वाट देतात. भाजीवाल्या बायांनी टोपल्या मागं सरकवल्या. चहाच्या टपरीवरच्या दोघांनी नमस्कार केला. विश्वजीतनं मान खाली घातली, तर त्यांनी तोही नमस्कारच समजला.

संभाजीनगरची एसटी भरत आली होती. खिडकीजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याच्या हातावरची शाल बघितली आणि हाक मारून बोलावलं.

"या साहेब, या. सत्कार झाला जणू. कशापायी केला?"

"चुकून झाला," विश्वजीत म्हणाला.

म्हातारे मनापासून हसले. "मोठी माणसं असंच बोलत्यात," ते शेजारच्याला म्हणाले, आणि उठून त्यांनी खिडकीची जागा विश्वजीतला दिली.